पीसी की कॉन्सोल? पुण्यात गेमिंगचं सामान घेताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानाच्या कोटेशनचे फोटो आणि सेकंड हँड जाहिरातींचे स्क्रीनशॉट पाठवून लोक जे सतत विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पार्टचे भाव आठवड्याला बदलतात. म्हणून जिथे आकडा टिकणार नाही तिथे हिशोब कसा करायचा ते दिलं आहे.

१. फक्त गेम खेळायचे आहेत. पीसी स्वस्त पडेल की कॉन्सोल?

खरेदीच्या दिवशी कॉन्सोल स्वस्त पडतो. सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) स्लिम भारतात एप्रिल २०२४ मध्ये आला तेव्हा डिस्कवाला ५४,९९० रुपयांना आणि डिजिटल ४४,९९० रुपयांना होता. आत आठ कोअरचा झेन २ प्रोसेसर, १०.२८ टेराफ्लॉप्सचा (हे गणनेच्या वेगाचं माप) ग्राफिक्स भाग आणि १६ जीबी मेमरी आहे. पीसीच्या भाषेत हे साधारण आरटीएक्स २०७० किंवा आरएक्स ६७०० या ग्राफिक्स कार्डांच्या आसपास बसतं. तेवढ्याच ताकदीचा नवा पीसी जोडायचा तर प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज देणारा डबा) आणि कॅबिनेट घ्यावं लागतं. वर विंडोज, मॉनिटर, कीबोर्ड, माऊस. त्या पैशांत हे सगळं बसत नाही.

पण हिशोब चार वर्षांचा करा. वहीत दोन रकाने आखा. कॉन्सोलच्या रकान्यात मशीन, दुसरा कंट्रोलर, चार वर्षांचं पीएस प्लस (सोनीची पैसे भरून घ्यायची मेंबरशिप) आणि वर्षाला जेवढे गेम घेता त्यांची किंमत लिहा. त्यातून जुन्या डिस्क विकून येणारे पैसे वजा करा. पीसीच्या रकान्यात मशीन, मॉनिटर आणि स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातले सेलचे भाव लिहा. विकत घेतलेला गेम पीएस५ वर ऑनलाइन खेळायचा तर पीएस प्लस लागतं. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना लागत नाही. पीसीवर ऑनलाइन खेळण्याचे वेगळे पैसे नाहीत. शिवाय एपिक गेम्स स्टोअर डिसेंबर २०१८ पासून नेमाने फुकट गेम देत आलं आहे.

वर्षाला दोनच मोठे गेम घेऊन मित्रांबरोबर सोफ्यावर फुटबॉल खेळणाऱ्याने कॉन्सोलच घ्यावा. सेलमध्ये पंधरा-वीस गेम घेणारा, किंवा मुख्यतः काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा खेळणारा, पीसीवरच फायद्यात राहतो. हे दोन्ही गेम कॉन्सोलवर येतच नाहीत.

२. कॉन्सोल कंपन्यांना इतक्या कमी किमतीत परवडतं कसं?

त्यांची खरी कमाई गेममधून होते. स्टोअरवरच्या विक्रीतला साधारण ३० टक्के वाटा प्लॅटफॉर्मकडे जातो, त्यामुळे मशीन खर्चाच्या आसपास, कधी तोट्यातही विकता येतं. एकाच चिपची लाखोंनी ऑर्डर दिल्यानेही भाव पडतो. पीसीत प्रत्येक पार्टवर वेगळ्या कंपनीचा, आयातदाराचा आणि दुकानदाराचा नफा चढतो. दुकानदार लुबाडतोय म्हणून पीसी महाग आहे, असा समज करून घेऊ नका. दोन्ही धंद्यांची घडणच वेगळी आहे.

३. घरात अभ्यासाला, कामाला कॉम्प्युटर लागणारच आहे. मग हिशोब बदलतो का?

पूर्ण बदलतो, आणि बहुतेक घरांत नेमकी इथेच चूक होते. मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगला आहे, कॅड किंवा व्हिडिओ एडिटिंग करायचं आहे, म्हणजे चांगला पीसी येणारच. अशा वेळी कॉन्सोलची तुलना अख्ख्या पीसीशी करू नका. ती फक्त ग्राफिक्स कार्ड आणि थोड्या मोठ्या एसएमपीएसच्या जादा खर्चाशी करा. तो खर्च कॉन्सोलपेक्षा बऱ्याचदा कमी निघतो. उलट घरात कंपनीने दिलेला लॅपटॉप आहे आणि हॉलमध्ये चांगला टीव्ही आहे, तर पीसीचा अर्धा उपयोग तिथेच संपला.

४. रॅमचे भाव इतके का वाढले? थांबू का?

एआय डेटा सेंटरची मागणी. मेमरी बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांनी उत्पादन सर्व्हरच्या मेमरीकडे वळवलं आणि २०२५ च्या अखेरीस घरगुती रॅमचे भाव झपाट्याने चढले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. एसएसडीलाही याची झळ लागते.

अडलेलं काम नसेल तर थांबा. घ्यायचंच असेल तर ३२ जीबीचा हट्ट सोडा. १६ जीबी घ्या, पण ८-८ च्या दोन पट्ट्या. एकच १६ ची पट्टी टाकली की मेमरी सिंगल चॅनलवर चालते आणि अनेक गेममध्ये फ्रेम्स दिसण्याइतक्या पडतात. जुनी डीडीआर४ रॅम धडधाकट असेल तर ती वापरता येईल असा एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटचा बोर्ड आणि रायझन ५ ५६०० प्रोसेसर ही जोडी अजून चांगली आहे. नव्या एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५ चालते, तिथे जुनी रॅम बसणार नाही.

५. पुण्यात पार्ट कुठे घ्यावेत? मुंबईला लॅमिंग्टन रोडला जाणं परवडतं का?

बुधवार पेठेतली तपकीर गल्ली मुळात इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सची. केबल, एक्स्टेन्शन बोर्ड, यूपीएसची बॅटरी, पंखे असलं सामान तिथे स्वस्त मिळतं. प्रोसेसर आणि कार्डासाठी कॉम्प्युटरच्या पार्टचीच दुकानं गाठा. किमान तीन ठिकाणांहून लेखी कोटेशन घ्या आणि त्याच दिवशी ऑनलाइन भाव बघा. फरक दीड-दोन हजारांचा असेल तर गावातल्या दुकानातून घ्या. पंधरा दिवसांत बोर्ड गेला तर स्कूटरवर टाकून परत नेता येतो, ही सोय तेवढ्या पैशांची नक्की आहे.

लॅमिंग्टन रोड ग्रँट रोड स्टेशनपासून चालत अंतरावर आहे आणि मालाची निवड तिथे मोठी आहे. पण एका कार्डासाठी जाणं परवडत नाही. गाडीभाडं, अख्खा दिवस आणि नंतर बिघाड झाला तर पुन्हा फेरी. पूर्ण पीसी किंवा दोन-तीन मित्रांचं सामान एकदम घ्यायचं असेल तरच विचार करा.

६. कोटेशनमध्ये नेमकं काय तपासायचं?

पूर्ण मॉडेल नंबर. "१६ जीबी रॅम, ५०० वॅट एसएमपीएस, बी५५० बोर्ड" एवढंच लिहिलेलं कोटेशन परत द्या. एसएमपीएसच्या नावात वॅट असले तरी ते खरे असतीलच असं नाही. कंपनी, मॉडेल आणि ८० प्लसचं रेटिंग (वीज किती कमी वाया जाते त्याचं) लिहून मागा. ज्या पार्टमुळे बाकीचे पार्ट जळू शकतात तो एसएमपीएस, आणि बजेट आवळताना नेमका त्यालाच कात्री लागते. तसं होऊ देऊ नका.

प्रोसेसर बॉक्सचा की ट्रेचा (म्हणजे खोक्याविना सुटा), हे विचारा. बॉक्सवर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेवर विकणारा देईल तीच, आणि कूलर बहुधा मिळत नाही. गेमिंग पीसीत एकूण रकमेचे ३५ ते ४० टक्के कार्डावर जायला हवेत. महागडी काच, आरजीबी पंखे आणि लिक्विड कूलरवर पैसे जाऊन कार्ड लहान राहिलं असेल, तर ते कोटेशन दिखाव्याचं आहे.

बिल पक्कं घ्या, जीएसटीसह, आणि कार्ड, बोर्ड, प्रोसेसर, एसएसडी यांचे सीरियल नंबर त्यावर लिहून घ्या. कच्च्या बिलावर वाचलेले पैसे पहिल्याच वॉरंटी क्लेमला निघून जातात.

७. "आय७, १६ जीबी, गेमिंग पीसी, २५ हजार" अशी जाहिरात दिसते. घ्यावा का?

नको. आय७ ची पिढी विचारा. बहुतेक वेळा तो २६०० किंवा ३७७० असतो, म्हणजे २०११-१२ चा. सोबत जीटी ७३० सारखं कार्ड, जे आजच्या मोठ्या गेमना पुरत नाही. आणखी एक जुनी चलाखी म्हणजे आरएक्स ५८० २०४८एसपी. नाव ५८० चं, पण चिप ५७० च्या दर्जाची. अशा मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही आणि त्याचा फटका पुढे बसतो (प्रश्न १५ पहा).

८. ८ जीबीचं कार्ड घेऊ की १६ जीबीचं? माझ्या जुन्या बोर्डावर नवं कार्ड चालेल का?

१०८०पी वर, सेटिंग थोडी कमी करायची तयारी असेल तर ८ जीबी अजून चालतं. १४४०पी साठी, किंवा कार्ड चार वर्षं टिकवायचं असेल तर १६ जीबी घ्या. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत येतात. खोक्यावरचं नाव जवळपास सारखंच असतं, म्हणून बिलावर जीबी लिहून घ्या.

आता जुना बोर्ड. आरटीएक्स ५०६० सोळापैकी आठच पीसीआयई लेन (कार्ड आणि बोर्डामधले डेटाचे रस्ते) वापरतं. बी४५० किंवा ए५२० वर जुनं, हळू पीसीआयई ३.० असल्याने त्याचा रस्ता आणखी अरुंद होतो. कार्डावरची मेमरी पुरते तोवर हे जाणवत नाही. ८ जीबी भरली आणि गेम सिस्टिम रॅमकडे धावला की हिसके बसायला लागतात. जुन्या बोर्डावर ८ जीबीचं आठ-लेनचं कार्ड ही म्हणूनच सगळ्यात वाईट जोडी. इंटेलचं आर्क बी५८० घेणार असाल तर बोर्डात रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू होतो का ते आधी पहा. त्याशिवाय ते कार्ड खूप मागे पडतं.

९. सेकंड हँड ग्राफिक्स कार्ड कसं तपासायचं?

पीसीत लावून, चालू अवस्थेतच बघा. फक्त कार्ड हातात देणाऱ्याकडून घेऊ नका.

आधी जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. चिपचं नाव, शेडर्सची संख्या आणि मेमरी कंपनीच्या पानावरच्या आकड्यांशी जुळते का पहा. नकली बायोसचं (कार्डाची ओळख सांगणारं आतलं सॉफ्टवेअर बदललेलं) कार्ड असेल तर हे सॉफ्टवेअर बऱ्याचदा थेट तसं दाखवतं. मग फरमार्क ही कार्डावर ताण देणारी चाचणी वीस मिनिटं चालवा आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरवर तापमान बघत राहा. कोअर आणि हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) यांत २५-३० अंशांहून जास्त फरक असेल तर थर्मल पेस्ट वाळलेली आहे किंवा कूलर नीट बसलेला नाही. हे दुरुस्त होतं, पण भाव त्या हिशोबाने पाडा. स्क्रीनवर ठिपके, रंगीत चौकोन किंवा पट्ट्या दिसल्या तर मेमरी जाते आहे. तिथून उठा. शेवटी पंखे हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐका, आणि स्क्रूवरचं सील आणि प्लेटवरचा गंज पहा. दमट जागी पडून राहिलेल्या कार्डावर तो हमखास दिसतो.

मायनिंगमध्ये वापरलेलं कार्ड म्हणजे फुकट गेलं, असं नाही. इथेरियमचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये थांबलं, त्याआधीच्या कार्डांचे पंखे आणि पॅड झिजलेले असतात एवढं धरून चाला.

१०. सेकंड हँड पीएस५ घेताना काय बघायचं?

तुमच्या अकाउंटने लॉग इन करून ऑनलाइन जा. मशीन बॅन असेल तर तिथेच कळतं. एचडीएमआय केबल हलवून पहा, हा पोर्ट तुटणं ही नेहमीची तक्रार आहे. कंट्रोलर सोडून द्या आणि कॅमेरा किंवा पात्र आपोआप सरकतंय का पहा, म्हणजे स्टिकचा ड्रिफ्ट कळेल. डिस्क घालून गेम सुरू होईपर्यंत थांबा. सुरुवातीच्या पीएस५ मधली डिस्क ड्राइव्ह तिच्याच मदरबोर्डाशी जोडलेली असते. दुसऱ्या मशीनची ड्राइव्ह बसवली तर डिस्क वाचली जात नाही.

उघडून साफ केलेलं मशीन असेल तर कुणी आणि किती खोल उघडलं ते विचारा. पीएस५ च्या चिपवर पेस्टऐवजी लिक्विड मेटल आहे. ते सांडलं तर बोर्ड शॉर्ट होतो.

११. डिस्कवाला घेऊ की डिजिटल?

डिस्कवाला. भारतात जुन्या डिस्कची देवघेव चांगली चालते. गेम संपवून विकला की त्याची खरी किंमत निम्म्यावर येते. डिजिटल स्लिमला नंतर ड्राइव्ह लावता येते, पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. डिजिटल गेम परत करायचा तर प्लेस्टेशन स्टोअरवर १४ दिवस मिळतात, पण डाउनलोड सुरू केलं की हक्क गेला. स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो.

१२. भाऊ अमेरिकेतून येतोय. कॉन्सोल किंवा कार्ड मागवू का?

कॉन्सोल १०० ते २४० व्होल्टवर चालतो, फक्त पिन बदलावी लागते. अडचण वॉरंटीची. ती त्या देशातच मिळेल असं समजा. डिस्क कुठल्याही देशाची चालते, पण डीएलसी (गेमचे वेगळे विकत घ्यायचे जादा भाग) ज्या रीजनची डिस्क त्याच रीजनच्या अकाउंटवरून घ्यावी लागते. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत बिघडलं तर परत अमेरिकेला पाठवायचं, हे मनाशी ठरवूनच मागवा. कस्टमची सध्याची मर्यादा भावाला निघण्यापूर्वी बघायला सांगा.

निन्टेंडो स्विच इथे कंपनी विकतच नाही, त्यामुळे पुण्यात दिसणारे बहुतेक स्विच असेच आलेले असतात. पीएस५ प्रो नोव्हेंबर २०२४ मध्ये जगभर आला तेव्हा भारत यादीत नव्हता, कारण त्याच्या वायफायचा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा इथे खुला नव्हता.

१३. पीएस५ मॉनिटरला लावता येतो का? आणि एसएसडी कुठली बसते?

येतो. १४४०पी ची सोय सप्टेंबर २०२२ च्या अपडेटने आली. पण व्हीआरआर (गेमच्या फ्रेम्सप्रमाणे स्क्रीनचा वेग बदलणारी सोय) फक्त एचडीएमआय २.१ वर मिळतं. मॉनिटरवर "फ्रीसिंक" लिहिलंय आणि पोर्ट २.० आहे, तर पीएस५ वर व्हीआरआर मिळणार नाही, एक्सबॉक्स सीरीजवर मिळेल. अल्ट्रावाइडवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. बऱ्याच मॉनिटरना स्पीकर नसतो. हेडफोन कंट्रोलरला लावा.

एसएसडी एम.२, एनव्हीएमई, पीसीआयई ४.० हवी. वाचण्याचा वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त आणि वर हीटसिंक हवाच, पण एकूण उंची ११.२५ मिलिमीटरच्या आत. आधी सिस्टिम अपडेट करा, बंद करून वायर काढा आणि कव्हर सरकवा. बारका स्पेसर एसएसडीच्या लांबीच्या खोबणीत हलवला नाही, तर एसएसडी तिरकी बसून ओळखली जात नाही. चालू केल्यावर मशीन स्वतःच फॉरमॅट विचारतं. बाहेरच्या यूएसबी ड्राइव्हवरून पीएस४ चे गेम खेळता येतात. पीएस५ चे फक्त साठवता येतात.

१४. लाईट बिल किती वाढेल? यूपीएस लागतो का?

पीएस५ खेळताना साधारण २०० वॅट घेतो, मधल्या दर्जाचा पीसी मॉनिटरसह ३०० च्या आसपास. रोज तीन तास म्हणजे महिन्याला १८ विरुद्ध २७ युनिट. महावितरणचा युनिटमागे १२ रुपये दर धरला तरी फरक शंभरेक रुपयांचा. यावर निर्णय ठरवू नका.

यूपीएस मात्र घ्या, निदान पीसीला. गुरुवारी देखभालीसाठी लाईट जाते ती आधी माहीत तरी असते. पावसाळ्यात झाडाची फांदी वायरवर पडते तेव्हा नाही. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच देतो. गेमिंग पीसीला १००० व्हीए, ६०० वॅटचा घ्या आणि त्यावर फक्त पीसी, मॉनिटर आणि राउटर लावा. पाच मिनिटांत गेम सेव्ह करून बंद करायचं, पुढे खेळायचं नाही.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत आणि जुन्या सोसायट्यांत हे नेहमी दिसतं. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर गेला तर आधी वायरिंग, मग पीसी.

१५. विंडोज १० वरून ११ वर गेलो आणि व्हॅलोरंट सुरूच होत नाही. का?

विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) दोन्ही चालू हवेत. एरर व्हॅन ९००१ किंवा ९००३ असेल तर हेच कारण. बोर्डाच्या बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एएमडीला एफटीपीएम, इंटेलला पीटीटी चालू करा आणि मग सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद करून सिक्युअर बूट लावा.

घाई नको. तुमची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर सीएसएम बंद करताच विंडोज सुरूच होणार नाही. आधी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची आहे का पहा. नसेल तर बॅकअप घेऊन एमबीआर२जीपीटी ही विंडोजचीच कमांड चालवा. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तिथेच राहणं हा उपाय नाही.

१६. नवा पीसी जोडला. पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही.

डीडीआर५ असेल तर आधी दहा मिनिटं थांबा. पहिल्यांदा चालू करताना बोर्ड मेमरीचं ट्रेनिंग करतो आणि स्क्रीन काळीच राहते. तेवढ्यात घाबरून बटण दाबून बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून.

त्यानंतर मॉनिटरची केबल बघा, ती मदरबोर्डाला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावायची. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, "टक" आवाज येईपर्यंत. प्रोसेसरची आठ पिनची वायर वेगळी असते, ती राहून गेली का? बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारीक दिवे असतील तर जो पेटून राहतो तिथे बिघाड शोधा. सीपीयूचा दिवा जात नाही आणि प्रोसेसर बोर्डापेक्षा नवा आहे, तर बायोस जुना आहे. दुकानातून अपडेट करून घ्या.

एसएमपीएस बदलताना जुन्याच्या मॉड्युलर (काढता-घालता येणाऱ्या) वायर नव्याला कधीही लावू नका. टोक बसतं, पण पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते. एसएसडी आणि बोर्ड एका क्षणात जातात.

सगळं सुरळीत झालं की रॅमचा एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) बायोसमधून चालू करा आणि विंडोजमध्ये मॉनिटरचा रिफ्रेश रेट बदला. १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर चालत राहिलाय, हे कित्येकांना महिनोन्‌महिने कळत नाही.

१७. पीजीत राहतो. गेमिंग लॅपटॉप घेऊ का?

जागा आणि दर वर्षी खोली बदलणं बघता, हो. पण कार्डाचे वॅट विचारा. एकाच नावाचं आरटीएक्स ४०५० कुठे ३५ वॅटवर चालतं, कुठे ११५ वर, आणि वेगात खूप फरक पडतो. हा आकडा कंपनीच्या तपशिलात "टीजीपी" म्हणून दिलेला असतो. दुकानात सांगत नसतील तर तिथेच मॉडेल नंबर शोधून बघा. एप्रिल-मे मध्ये नुसत्या पंख्याच्या खोलीत गादीवर ठेवून खेळू नका, लॅपटॉप खालून हवा ओढतो आणि गादीने ती वाट बंद होते.

१८. जीटीए ६ साठी काय घेऊ?

घोषणा फक्त पीएस५ आणि एक्सबॉक्स सीरीजसाठी झाली आहे. याच कंपनीचा जीटीए ५ कॉन्सोलवर २०१३ मध्ये आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये आला, रेड डेड रिडेम्पशन २ ला साधारण वर्ष लागलं. पहिल्या दिवशी खेळायचा असेल तर कॉन्सोल घ्या. थांबायची तयारी असेल तर आज त्यासाठी महागडं कार्ड घेऊन ठेवू नका. पीसीवर येईल तेव्हा तेवढ्याच पैशांत चांगलं मिळण्याची शक्यता जास्त. डिस्क की डिजिटल, यासाठी प्रश्न ११ पहा.